कासेरेस : चुन्याची नगरी, दगडाचा चेहरा

स्पेनच्या पश्चिम भागात, पोर्तुगालच्या सरहद्दीलगत पसरलेल्या एस्त्रेमादुरा या प्रदेशात कासेरेस हे शहर असून, त्याच्या मधोमध एका टेकडीवर तटबंदीने वेढलेली जुनी नगरी आजही जवळजवळ सलग उभी आहे. सुमारे आठ हेक्टरांच्या या आवारात रोमन पायावर चढवलेला मुसलमानी तट, पंधराव्या-सोळाव्या शतकांतील सरदारांचे चिरेबंदी वाडे, त्यांचे मनोरे, चर्च आणि मठ इतक्या दाटीने उभे आहेत की, एका वाड्याची भिंत कोठे संपली आणि शेजाऱ्याची कोठे सुरू झाली हे दारावरची कुलचिन्हे पाहिल्याशिवाय कळत नाही. युनेस्कोने १९८६ साली या नगरीचा समावेश जागतिक वारसा यादीत केला तो रोमन, इस्लामी, गॉथिक आणि इटालियन पुनरुज्जीवनकालीन शैलींचा मिलाफ एकाच ठिकाणी पाहायला मिळतो म्हणून. अशा स्थळांविषयी लिहिताना तेथे काळ थांबला असल्याचे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. कासेरेसच्या बाबतीत ते मुळीच खरे नाही. ही नगरी टिकली त्यामागे राजसत्तेचे हुकूम, वारसाहक्काचे कायदे, जमिनीचा खंड आणि बाजारपेठेची जागा अशी ठोस कारणे आहेत. शिवाय तिचे जे रूप आज मध्ययुगीन म्हणून पाहिले जाते, त्यातले बरेचसे विसाव्या शतकातील दुरुस्तीकारांच्या हातचे आहे.

या भूमीचा पहिला मोठा ठेवा म्हणजे तिचा दगड. शहराच्या भोवताली ग्रॅनाइट मुबलक सापडतो आणि दक्षिणेला एल कालेरिसो नावाचा चुनखडीचा पट्टा आहे. पावसाचे पाणी या चुनखडीत मुरते आणि झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते; त्या झऱ्यांतूनच रिबेरा देल मार्को हा ओहोळ निघतो, ज्याच्या काठच्या मळ्यांनी, गिरण्यांनी आणि चामडे कमावणाऱ्यांच्या कुंडांनी या वस्तीला शतकानुशतके पोसले. याच पट्ट्यातील माल्त्राविएसो या गुहेचा शोध १९५१ साली खाणकाम चालू असताना लागला आणि पुढे तिच्या भिंतींवर हाताच्या पंजांचे प्रागैतिहासिक ठसे आढळले. चुनखडी भाजून चुना पाडण्याच्या भट्ट्या शहराबाहेर अगदी अलीकडच्या काळापर्यंत धगधगत होत्या. नगरीच्या स्थापत्याची गोष्ट सांगताना ग्रॅनाइटचे नाव नेहमी पुढे येते. पण तटाची माती बांधून धरणारा, टाक्यात पाणी टिकवणारा, गरिबाचे घर पांढरे करणारा आणि श्रीमंताच्या भिंतीवर नक्षी धरणारा पदार्थ चुनाच होता, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

वसाहतीची स्थापना रोमनांनी इसवी सनपूर्व पहिल्या शतकात केली. गायस नोर्बानस फ्लाकस या रोमन अधिकाऱ्याच्या नावावरून ती नोर्बा सीझरिना म्हणून ओळखली गेली. दक्षिणेकडील मेरिदा आणि उत्तरेकडील अस्तोर्गा या शहरांना जोडणारा रोमन रस्ता तिच्याजवळून जात असल्याने सैन्य, मेंढ्यांचे कळप आणि व्यापारी यांची ये-जा येथून होत राहिली. रोमन काळाची सर्वांत स्पष्ट खूण म्हणजे पूर्वेकडील वेस, जिला पुढे आर्को देल क्रिस्तो म्हणजे ‘ख्रिस्ताची कमान’ असे नाव पडले. ग्रॅनाइटच्या मोठ्या घडीव चिऱ्यांची ही कमान ओहोळाकडे उतरणाऱ्या वाटेवर आजही उभी आहे. तटाच्या तळाशी ठिकठिकाणी असेच चिरे दिसतात, कारण पुढच्या बांधणाऱ्यांनी पाया नव्याने न खणता रोमन भिंतीवरच आपली भिंत चढवली.

ती चढवणारे अलमोहाद होते. बाराव्या शतकात मोरोक्कोतून आलेल्या या बर्बर राजवंशाच्या ताब्यात इबेरियाचा दक्षिण भाग होता. कासेरेस त्यांच्या आणि उत्तरेकडील लेओन या ख्रिस्ती राज्याच्या दरम्यान सरहद्दीवरचे ठाणे म्हणून सापडले. ११७० साली लेओनच्या राजाच्या आश्रयाने येथे लढवय्या धर्मबंधूंचा एक संघ स्थापन झाला, ज्यातून पुढे सांतियागो हा प्रख्यात लष्करी पंथ उभा राहिला. पण ११७४ च्या सुमारास अलमोहादांनी ठाणे परत घेतले आणि त्यानंतर तट अधिक भक्कम केला. हा तट ‘तापिआल’ पद्धतीचा आहे : दोन बाजूंना लाकडी फळ्या उभ्या करून मधल्या पोकळीत माती, खडी आणि चुना यांचे ओलसर मिश्रण थराथराने ओतायचे, धुमसाने ठोकून घट्ट करायचे, वाळले की फळ्या सोडवून वर सरकवायच्या आणि पुढचा थर घालायचा. फळ्यांना आधार देणाऱ्या आडव्या लाकडांची भोके आजही भिंतीत ओळीने दिसतात, आणि चुन्याचे प्रमाण भरपूर असल्यामुळे आठशे वर्षांचे ऊन-पाऊस खाऊनही भिंतीचे कोपरे जागोजाग धारदार राहिले आहेत. तटापासून काही अंतर पुढे सुटे बुरूज उभारून त्यांना तटाशी लहानशा पुलाने जोडण्याची पद्धतही अलमोहादांचीच. अशा बुरुजाला ‘अल्बार्राना’ म्हणतात. शत्रू तटाच्या पायथ्याशी आला की त्याच्यावर पाठीमागून आणि बाजूने मारा करता यावा हा त्यामागचा हेतू असे. मुख्य चौकाच्या अंगाला उभा असलेला बुखाको बुरूज, जो आज साऱ्या शहराची खूण बनला आहे, तो याच काळातला असून त्याची उंची सुमारे २५ मीटर आहे.

तटाइतकेच किंबहुना त्याहून अधिक बोलके अवशेष जमिनीखाली आहेत. टेकडीच्या माथ्यावर जेथे मुसलमान अधिकाऱ्याचा बालेकिल्ला होता, तेथे पुढे बेलेतास नावाचा वाडा बांधला गेला आणि १९३३ पासून त्यात कासेरेसचे संग्रहालय आहे. या वाड्याच्या चौकाखाली पाण्याचे एक टाके आहे, ज्याला स्पॅनिशमध्ये अरबीवरून आलेल्या ‘अल्खिबे’ या नावाने ओळखतात. सुमारे १५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद अशा या दालनाचे पाच समांतर भाग पाडलेले असून त्यांना विभागणाऱ्या चार ओळींत मिळून १६ कमानी आहेत. त्या घोड्याच्या नालाच्या आकाराच्या, म्हणजे अर्धवर्तुळाच्याही खाली आत वळणाऱ्या आहेत आणि १२ बुटक्या दगडी खांबांवर पेललेल्या आहेत. खांब एकसारखे नाहीत. जुन्या इमारतींतून हाताला लागले ते आणून उभे केलेले दिसतात. चौकात आणि छपरांवर पडणारे पावसाचे पाणी आजही या टाक्यात उतरते, त्यामुळे पायऱ्या उतरून खाली जाणाऱ्याला खांबांचे बुंधे पाण्यात बुडालेले आढळतात. टेकडीच्या माथ्यावर विहीर नसताना वेढा सोसण्याची ताकद या नगरीला कोठून मिळाली याचे उत्तर येथे मिळते. महाराष्ट्रातील गडांवरची खडकात कोरलेली टाकी पाहिलेल्या वाचकाला यामागचे तर्कशास्त्र लगेच ध्यानात येईल. फरक इतकाच की तेथे खडक कोरला आणि येथे कमानींवर छत पेलले.

लेओनचा राजा नववा आल्फोन्सो याने १२२९ साली नगरी जिंकली. परंपरेने हा दिवस २३ एप्रिल, म्हणजे संत जॉर्जचा सण मानला जातो, आणि म्हणून संत जॉर्ज हा शहराचा पालक संत ठरला. त्याच्या सणाला मुख्य चौकात अजस्र कागदी ड्रॅगन जाळण्याची प्रथा आजही चालू आहे. राजाने नगरीला ‘फुएरो’ दिला. फुएरो म्हणजे वस्तीतील रहिवाशांचे हक्क, जमिनींची वाटणी, कुरणांचे नियम आणि दंड ठरवून देणारी सनद. तिच्यान्वये कासेरेस कोणा सरदाराच्या किंवा धर्मपीठाच्या जहागिरीत न जाता थेट राजाच्या अखत्यारीत राहिले. उत्तरेतून आलेल्या घराण्यांना तटाच्या आत घरासाठी जागा आणि बाहेर विस्तीर्ण कुरणे मिळाली. ही कुरणे म्हणजे ‘देएसा’ : ओक जातीच्या सदाहरित झाडांची विरळ राई, जिच्या खाली गवत वाढते, डुकरे झाडाखालची फळे खातात आणि हिवाळ्यात उत्तरेकडून उतरणारे मेरिनो मेंढ्यांचे कळप चरतात. मेंढपाळांच्या मेस्ता या संघाला कास्तिलच्या राजाने १२७३ साली मान्यता दिल्यानंतर हा हंगामी प्रवास इतका वाढला की, ज्याच्या मालकीचे कुरण त्याला फारसे कष्ट न घेता दरसाल खंड मिळू लागला. कासेरेसचे वाडे याच खंडावर उभे राहिले. नव्या जगातून आलेल्या सोन्याची कथा अधिक रंगतदार असल्याने ती वारंवार सांगितली जाते. परंतु या नगरीचे खरे धनी गवत आणि लोकर होते.

कुरणांची सत्ता म्हणजे नगरपरिषदेची सत्ता, आणि तिच्यासाठी घराण्यांत वैर जुंपले. टेकडीवरच्या भागातील आणि उतारावरच्या भागातील घराणी अशा दोन फळ्या पडल्या. प्रत्येक घराण्याने आपल्या घराला लढाऊ मनोरा जोडला. त्याला वर चर्या, भिंतीत बाण सोडण्यासाठी जंग्या आणि दाराच्या नेमक्या माथ्यावर ‘माताकान’ नावाचा पुढे काढलेला दगडी सज्जा असे, ज्याच्या तळातील फटीतून दार फोडायला आलेल्या शेजाऱ्यावर दगड किंवा उकळते पाणी सोडता येई. सोलीस घराण्याच्या वाड्यावर, ज्याला ‘सूर्याचे घर’ म्हणतात, असा सज्जा दाराच्या बरोबर वर आहे आणि त्याखाली सूर्यमुखाचे कुलचिन्ह कोरलेले असून सूर्याच्या प्रत्येक किरणाला एकेक सर्प डसतो आहे. परक्या शत्रूसाठी तट होताच. हे मनोरे मात्र गल्लीपलीकडच्या माणसासाठी होते. म्हणूनच त्यांच्या खालच्या भागात खिडकी जवळजवळ नसते, दारे अरुंद असतात आणि गल्ल्या अशा वळतात की बाहेरून आलेल्याला सरळ धावता येऊ नये.

हे वैर १४७५ मध्ये सुरू झालेल्या कास्तिलच्या वारसायुद्धात मिसळले. सिंहासनावर हक्क सांगणाऱ्या इसाबेल आणि तिची भाची हुआना यांच्या पक्षांत कासेरेसची घराणी विभागली गेली. १४७७ साली इसाबेल स्वतः येथे आली, ‘नव्या वेशी’समोर उभी राहून तिने नगरीची सनद पाळण्याची शपथ घेतली आणि मगच आत पाऊल टाकले. आत येताच तिने दोन गोष्टी केल्या. नगरपरिषदेच्या १२ जागा तिने दोन्ही फळ्यांना वाटून देऊन तहहयात केल्या, म्हणजे दरवर्षीच्या निवडीवरून होणारे खून थांबले. दुसरे म्हणजे तिने मनोरे छाटायला लावले. उंच मनोरा पाडून टाकण्यापेक्षा त्याचा वरचा लढाऊ भाग उतरवून तो घराच्या छपराच्या पातळीला आणणे अधिक सोपे होते आणि अपमान म्हणूनही पुरेसे होते. एकट्या दिएगो दे कासेरेस ओबांदो या सेनानीला, त्याने राणीचा पक्ष घेतला म्हणून, मनोरा उंच ठेवण्याची मुभा मिळाली असे परंपरा सांगते, आणि ‘सिगुएन्यास’ म्हणजे करकोच्यांचा मनोरा म्हणून ओळखली जाणारी ती सडपातळ, चर्यांची किनार असलेली वास्तू आजही सर्वांच्या वर डोके काढून उभी आहे. बाकीच्या वाड्यांच्या कोपऱ्यांत जे रुंद, बुटके, चौकोनी ठोकळे दिसतात, ते त्या हुकुमाचे अवशेष होत. नगरीच्या आजच्या क्षितिजरेषेचा पहिला शिल्पकार म्हणून जर कोणाचे नाव घ्यायचे असेल, तर ते कोण्या स्थपतीचे घेण्यापेक्षा या राणीचे घेणे इतिहासाला धरून होईल.

लढाईची गरज संपल्यावर वाड्यांचे तोंड बदलले. गोल्फिनेस घराण्याच्या खालच्या वाड्यात हा पालट एकाच दर्शनी भिंतीत वाचता येतो : जाड मनोरे, मधल्या भागात गॉथिक वळणाच्या खिडक्या आणि माथ्यावर सोळाव्या शतकात चढवलेली कोरीव दगडी पट्टी. चांदीवरच्या नक्षीची आठवण करून देणाऱ्या या कोरीव शैलीला स्पेनमध्ये ‘प्लातेरेस्को’ म्हणतात. इसाबेल आणि फेर्दिनांद या वाड्यात उतरत असत आणि त्यांचे राजचिन्ह दर्शनी भिंतीवर लावण्याचा मान घराण्याला मिळाला होता. कार्वाखाल घराण्याच्या वाड्याला आणि वेशीबाहेरच्या काही वाड्यांना कोपऱ्यावर सज्जा आहे. दोन भिंती जेथे काटकोनात मिळतात तेथेच खिडकी फोडून, कमान कोपऱ्यावरून वळवून नेण्याची ही करामत शेजारच्या त्रुखियो या गावातही आढळते. कोपरा म्हणजे इमारतीचा भार पेलणारी जागा. ती पोकळ करून दाखवण्यात पाथरवटाचे कसब होते आणि मालकाचा दिमाखही होता.

नव्या जगाशी या वाड्यांचा संबंध आहे, आणि तो झाकून ठेवण्यासारखा नाही. ज्या सेनानीचा मनोरा उंच राहिला त्याचाच मुलगा निकोलास दे ओबांदो हा १५०२ ते १५०९ या काळात कॅरिबियन समुद्रातील हिस्पानिओला बेटाचा राज्यपाल होता. सुमारे ३० जहाजे आणि अडीच हजार माणसे घेऊन तो तेथे गेला, सांतो दोमिंगो शहराची त्याने नव्या जागी आखणी केली, आणि स्थानिक ताइनो लोकांना स्पॅनिश मालकांच्या हाती वेठीला देण्याची पद्धत त्याच्याच कारकिर्दीत पक्की झाली. हाराग्वा येथे जमलेल्या स्थानिक प्रमुखांची कत्तल आणि त्यांची राणी अनाकाओना हिला दिलेली फाशी हीसुद्धा त्याच्याच हुकुमाने झाली. कासेरेसमध्ये याच्या अगदी उलट बाजूची आठवणही दगडात आहे. मेक्सिकोच्या मोहिमेत एर्नान कोर्तेसबरोबर असलेल्या हुआन कानो दे साबेद्रा याने आस्तेक सम्राट दुसरा मोक्तेसुमा याच्या मुलीशी, बाप्तिस्म्यानंतर इसाबेल असे नाव मिळालेल्या तेकुइच्पोशी, लग्न केले. त्यांचा नातू हुआन दे तोलेदो मोक्तेसुमा याने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधवून घेतलेल्या वाड्याच्या मनोऱ्यावर घुमट आहे आणि आतल्या दालनांत रोमन सम्राटांच्या जोडीला मेक्सिकोच्या राजांची चित्रे रंगवलेली आहेत. पराभूत राजघराण्याच्या वंशजाला आपल्या आजीचे पूर्वज रोमन सम्राटांच्या बरोबरीने भिंतीवर हवे होते, ही गोष्ट कोणत्याही शैलीविचारापेक्षा अधिक मोलाची आहे. या वाड्यात आता प्रांताचा ऐतिहासिक दप्तरखाना आहे.

तटाच्या आत सगळेच सरदार नव्हते. पूर्वेच्या उतारावर, तटाला पाठ लावून, ज्यूंची जुनी वस्ती होती. तेथील घरे एक-दोन खोल्यांची, चुन्याने पांढरी केलेली आणि पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या गल्ल्यांत बसवलेली आहेत. जेथे प्रार्थनागृह होते तेथे आज संत अंतोनियोचे छोटे मंदिर आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ज्यूंना तटाबाहेर, मुख्य चौकाजवळ नव्या वस्तीत हलवण्यात आले आणि १४९२ च्या फर्मानाने त्यांना बाप्तिस्मा किंवा हद्दपारी यांतून एक निवडावे लागले. वाड्यांच्या करड्या भिंतींकडे पाहून नगरीचे मत बनवणाऱ्याने या उतारावर अवश्य उतरावे, कारण चुना अंगावर असलेली जुनी नगरी कशी दिसत असेल याचा अंदाज इथेच येतो.

आता मूळ प्रश्नाकडे येता येईल. इतके वाडे एकाच जागी टिकले कसे? याचे एक मोठे कारण ‘मायोरास्गो’ या वारसापद्धतीत आहे. या पद्धतीत घराण्याची मुख्य मालमत्ता अविभाज्य समजली जाई. ती थोरल्या वारसाकडे जाई आणि त्याला ती विकता, गहाण ठेवता किंवा भावंडांत वाटता येत नसे. १५०५ च्या तोरोच्या कायद्यांनी तिला पक्के रूप दिले आणि १८३६ मध्ये ती कायमची रद्द होईपर्यंत तीन शतके कासेरेसचे वाडे जणू कुलुपात राहिले. लग्नसंबंधांमुळे एकेका वारसाकडे अनेक मायोरास्गो एकवटले, म्हणजेच एकाच माणसाकडे तीन-चार वाडे आले आणि त्यांतले बरेचसे रिकामे राहू लागले. वारस माद्रिदच्या दरबारात राहत, कुरणांचा खंड तिकडे जाई आणि येथील वाड्यात कारभारी असे. ज्याला पाडून नवे बांधण्याचा अधिकार नाही आणि राहण्याची गरजही नाही, तो घर जसेच्या तसे ठेवतो. याची किंमत एस्त्रेमादुराने फार मोठी मोजली, कारण ज्या जमिनीच्या मालकीने वाडे राखले तिनेच भूमिहीन मजुरांना उपाशी ठेवले; या प्रदेशातून आजही लोक पोटासाठी बाहेर जातात. वास्तू वाचल्याचा आनंद मानताना हा हिशेब विसरणे बरोबर होणार नाही.

दुसरे कारण बाजाराचे. व्यापार, कारागिरी आणि जत्रा पहिल्यापासून तटाबाहेर, पश्चिमेच्या सपाट जागेत भरत आणि तेथेच खांबांच्या ओवऱ्या असलेला मुख्य चौक आकाराला आला. विणकर, लोकर पिंजणारे, चांभार, सोनार यांच्या गल्ल्या या चौकाभोवती वाढल्या. व्यापाऱ्याला दर पिढीला दुकान पुढे काढायचे असते, मजला चढवायचा असतो. ती सारी उलथापालथ तटाबाहेर झाली. आत आणि बाहेर यांना जोडणारी मुख्य वाट म्हणजे इसाबेलने जेथे शपथ घेतली ती नवी वेस. १७२६ साली मानुएल दे लारा चुर्रिगेरा या स्थपतीने तिच्या जागी आजची ‘ताऱ्याची कमान’, आर्को दे ला एस्त्रेया, बांधली. ती मुद्दाम बुटकी, रुंद आणि तिरकी आहे. आतल्या वाड्याकडे जाणाऱ्या घोडागाड्यांना अरुंद जागेत वळण घेता यावे म्हणून कमानीचा प्रत्येक चिरा तिरक्या कोनात घडवावा लागला आणि त्यामुळे तिच्या एका कडेला उभे राहिले की ती पिळल्यासारखी दिसते. आतल्या अंगाला, दाराच्या माथ्यावरच्या लहानशा देव्हाऱ्यात मेरीची मूर्ती आहे. गाडीच्या चाकासाठी राजशपथेची वेस पाडली गेली, आणि तरीही जे उभे राहिले ते नगरीच्या सर्वांत देखण्या रचनांपैकी एक ठरले. जुने राखण्याच्या उत्साहात नव्याला मुळीच जागा न देणाऱ्यांनी या कमानीचा विचार करावा.

अठराव्या शतकातलीच दुसरी मोठी भर म्हणजे संत जॉर्जच्या चौकातील जेझुइटांचे चर्च. करड्या वाड्यांच्या मध्ये पांढऱ्या जोडमनोऱ्यांची ही इमारत दुरूनच डोळ्यांत भरते. हे चर्च संत फ्रान्सिस झेवियरच्या नावाने बांधलेले आहे. १५४२ मध्ये गोव्यात उतरलेल्या आणि ज्याचे शव आज जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस बॅसिलिकात आहे त्या नाव्हारच्या धर्मप्रचारकाची कीर्ती स्पेनच्या आडबाजूच्या शहरांतही किती पोहोचली होती, हे यावरून कळते. पोर्तुगालने जेझुइटांना १७५९ मध्ये आपल्या मुलखातून हाकलले तेव्हा गोव्यातील त्यांच्या संस्था ओस पडल्या. स्पेनने तेच १७६७ मध्ये केले आणि कासेरेसमधील त्यांचे विद्यालय ओस पडले. एकोणिसाव्या शतकात त्याच इमारतीत सरकारी माध्यमिक शिक्षणसंस्था आली आणि तिच्यामुळे इमारत वापरात राहिली.

एकोणिसाव्या शतकात शहराला जाग आली ती तटाबाहेरच. १७९० च्या राजाज्ञेने येथे प्रदेशाचे उच्च न्यायालय आले, १८३३ मध्ये कासेरेस प्रांताची राजधानी झाले, आणि १८६० च्या दशकात शहरालगत फॉस्फेटचा साठा सापडल्यावर आल्देआ मोरेत ही खाणवस्ती उभी राहिली. खाणीसाठी रेल्वे आली. १८८१ च्या ऑक्टोबरमध्ये तिच्या उद्घाटनाला स्पेनचा बारावा आल्फोन्सो आणि पोर्तुगालचा लुईस हे दोन राजे उपस्थित होते, आणि १८८२ मध्ये कासेरेसला शहराचा दर्जा मिळाला. नवे मध्यमवर्गीय रस्ते साहजिकच स्थानकाच्या दिशेने, जुन्या नगरीकडे पाठ करून वाढले. बार्सेलोना किंवा माद्रिदप्रमाणे जुन्या वस्तीतून रुंद रस्ता काढावा एवढा पैसा आणि एवढी निकड येथे कधी निर्माण झाली नाही. स्पेनच्या यादवी युद्धाचे मात्र घाव बसले. १९३६ च्या ऑगस्ट अखेरपासून काही आठवडे जनरल फ्रांकोचे मुख्यालय गोल्फिनेस घराण्याच्या वरच्या वाड्यात होते. पुढच्या वर्षी, २३ जुलै १९३७ रोजी, प्रजासत्ताकाच्या विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले तेव्हा माणसे मेली आणि मायोराल्गो वाड्याचे मोठे नुकसान झाले. त्या वाड्याची आज दिसणारी अखंड भिंत पुन्हा उभारलेली आहे.

१९४९ साली सरकारने जुन्या नगरीला संरक्षित वास्तुसमूह म्हणून घोषित केले आणि त्यानंतरच्या तीन दशकांत, विशेषतः होसे मानुएल गोन्सालेस बाल्कार्सेल या स्थपतीच्या देखरेखीखाली, मोठ्या प्रमाणावर दुरुस्त्या झाल्या. पडके भाग उभारले गेले, विजेच्या तारा नजरेआड गेल्या, तटाला चिकटलेली काही घरे काढून बुरूज मोकळे केले गेले. याच काळात अनेक भिंतींवरचा चुन्याचा गिलावाही खरवडून काढण्यात आला. त्या पिढीची समजूत अशी होती की मध्ययुग म्हणजे उघडा दगड, आणि चुना म्हणजे नंतरच्या अडाणी मालकांनी फासलेला थर. वास्तविक घडीव चिरे दाराभोवती, खिडक्यांभोवती, कोपऱ्यांवर आणि कुलचिन्हांपुरतेच वापरलेले असत. मधली भिंत ओबडधोबड दगडांची आणि ती गिलाव्याने झाकण्याच्या हेतूनेच बांधलेली असे. या गिलाव्यावर पुष्कळदा ‘एस्ग्राफियादो’ नावाची नक्षी असे : गडद थरावर पांढरा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच आकृतीपुरता कोरून काढायचा. काही भिंतींवर तिचे तुकडे अजून शिल्लक आहेत आणि ते पाहिले म्हणजे जे गेले त्याची हळहळ वाटते. मालकांनी हयगय करून जितके घालवले नसेल तितके या बाबतीत प्रेमाने घातलेल्या हाताने घालवले, हे स्पष्ट सांगायला हवे. अर्थात त्याच हाताने मनोरे कोसळण्यापासून वाचवले, हेही तितकेच खरे आहे. अलीकडच्या दुरुस्त्यांत पुन्हा चुन्याचा गिलावा वापरला जाऊ लागला आहे.

आज नगरीपुढचा प्रश्न दगडाचा कमी आणि माणसांचा अधिक आहे. शहराची लोकसंख्या लाखाच्या जवळपास असली तरी तटाच्या आत राहणारी कुटुंबे फार थोडी आहेत; वाड्यांत सरकारी कचेऱ्या, संग्रहालये, मठ आणि हॉटेले आहेत. चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका चित्रित करणाऱ्यांना ही ओस शांतता सोयीची वाटते, पण किराणा दुकान आणि शाळा नसलेल्या गल्लीत तरुण कुटुंब राहायला येत नाही. याच पार्श्वभूमीवर मान्सिया आणि तुन्योन या स्थपतींनी संत मातेओच्या चौकात जुन्या दर्शनी भिंती राखून आत संपूर्ण नवे बांधकाम केलेले, २०१० मध्ये सुरू झालेले हॉटेल मोठ्या वादाचा विषय झाले, आणि तटाबाहेर लगेचच त्यांच्यापैकी तुन्योन यांच्याच कार्यालयाने उभारलेले समकालीन कलेचे एल्गा दे आल्बेआर संग्रहालय २०२१ मध्ये खुले झाले. संग्रहालयाच्या आवारातून उतरत जाणारी वाट नव्या शहराला जुन्या भागाशी जोडते, आणि रोजच्या पायी जाण्या-येण्याला जुन्या नगरीकडे वळवण्याचा हा प्रयत्न कोणत्याही दुरुस्तीपेक्षा अधिक दूरदृष्टीचा आहे. छपरांचा हिशेब मात्र माणसांशिवाय दुसऱ्यांनाही द्यावा लागतो. कौलांखालच्या आणि भिंतींच्या फटींत आफ्रिकेतून वसंतात येणारे छोटे ससाणे घरटी करतात, आणि त्यांच्या वसाहतींमुळे ही नगरी युरोपीय संघाच्या कायद्यानुसार पक्ष्यांसाठीचे विशेष संरक्षित क्षेत्र ठरली आहे. त्यामुळे फट बुजवताना ती रिकामी आहे की नाही हे आता गवंड्याला आधी पाहावे लागते, आणि कौलांच्या दुरुस्तीची वेळ ससाण्यांच्या विणीचा हंगाम टाळून ठरवली जाते.